बंड्या झोपत नाही: चार पत्त्यांचा एक हसवणारा प्रयोग

प्रश्न असा आहे: घरच्या कार्यक्रमाला वीस-पंचवीस माणसं जमणार आहेत, पत्त्यांची एखादी छोटी जादू करून दाखवायची आहे. सगळा कॅट हाताळायची सवय नाही, म्हणून चार-पाच पत्त्यांत भागेल असं काहीतरी हवं, आणि लोक हसले पाहिजेत. शेवटी एक ओळ जोडली आहे, "मला विनोद सांगता येत नाहीत."

आधी त्या शेवटच्या ओळीबद्दल. विनोद सांगता येत नाहीत हे चांगलंच आहे. पत्त्यांचे प्रयोग करताना मधेमधे चुटके पेरणारी माणसं मी पंचवीस वर्षं बघतोय. लोक चुटक्याला हसतात आणि पत्ते विसरतात. मग शेवटी जादू होते तेव्हा सगळे एकमेकांकडे बघतात, "हे कुठून आलं?" हसू पत्त्याच्या वागण्यातून आलं पाहिजे. पत्ता आगाऊपणा करतो, तुम्ही त्याला वठणीवर आणायला बघता, तो ऐकत नाही. तुम्ही गंभीर राहायचं. जेवढे तुम्ही गंभीर, तेवढे लोक जास्त हसतात.

आता प्रयोग. मी स्वतः घरगुती बैठकीत सगळ्यात जास्त वेळा केलेला हाच आहे. चार गुलाम लागतात. बदाम, चौकट आणि इस्पिक हे तीन लाल पाठीचे, आणि किलवरचा गुलाम निळ्या पाठीचा. म्हणजे एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे दोन कॅट घ्यावे लागतील, एक लाल, एक निळा. बायसिकल ब्रँडचे रायडर बॅक नक्षीचे पत्ते घेतलेत तर उत्तम. ही नक्षी १८८७ पासून चालत आली आहे, आणि जादूगार तिला धरून आहेत ते तिच्या पाठीवरच्या पांढऱ्या किनारीसाठी. ती किनार का हवी ते पुढे कळेल. वाण्याकडे मिळणारे गुळगुळीत प्लॅस्टिकचे पत्ते झब्बू खेळायला छान, पण ते बोटांतून माशासारखे निसटतात. शिवाय त्यांतल्या बऱ्याचशा पाठींवर नक्षी थेट कडेपर्यंत जाते.

गोष्ट अशी. चाळीतली एक खोली, मे महिन्याची दुपार, दोन वाजलेत. आईने चार पोरांना ओळीने झोपवलंय. चार पत्ते एकेक करून दाखवता: झोपला, झोपला, झोपला, झोपला. चार लाल पाठी. बाहेर कुल्फीवाल्याची घंटा वाजते. पत्ते पसरता, तर एक उताणा! किलवरचा गुलाम, डोळे टक्क उघडे. हा बंड्या. आई म्हणते, असं होय, मग मोठ्याला म्हणते, तू जा त्याच्या पलीकडे, ह्याला मधे घ्या. पुन्हा मोजता: चारही झोपलेले. आई सुस्कारा सोडते, "झोपला एकदाचा." पसरता, तर बंड्या जागा. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा चारही झोपल्यावर तुम्ही काहीच बोलत नाही, नुसतं पत्त्यांकडे संशयाने बघता. इथे लोक पत्ते पसरायच्या आधीच हसतात. शेवटी आई वैतागून बंड्याला उचलून बाजूला ठेवते आणि बाकीच्या तिघांना उठवून बघते: इस्पिक, बदाम, चौकट, आपलीच पोरं. तेवढ्यात दार वाजतं. शेजारच्या काकू विचारतात, "आमचा बंड्या आलाय का हो तुमच्याकडे?" तुम्ही बंड्याला पालथा करता. पाठ निळी.

बस, एवढंच. दीड मिनिटाच्या वर जात नाही.

आतली गंमत एकाच मोजणीत आहे. तिला एल्म्सली काउंट म्हणतात. अॅलेक्स एल्म्सली हे ब्रिटिश गृहस्थ, पेशाने संगणकातले. त्यांनी १९५० च्या दशकात ही मोजणी बसवली. तिचं त्यांनी दिलेलं नाव घोस्ट काउंट, म्हणजे भुताची मोजणी, आणि ते शोभतंही, एक पत्ता असून दिसत नाही. डाय व्हर्नन या नामांकित जादूगारांच्या एक्के उलटत जाणाऱ्या प्रसिद्ध प्रयोगाचा कणाही हीच मोजणी आहे, आणि चार पत्त्यांचे बाजारात मिळणारे कितीतरी प्रयोग आजही हिच्याच जिवावर उभे आहेत. पुस्तकांत आणि व्हिडिओंत ती इतक्यांदा छापून आणि दाखवून झाली आहे की इथे लिहिण्यात कोणाचा विश्वासघात होत नाही. फक्त प्रेक्षकांना सांगत सुटू नका.

शिकताना गुलाम बाजूला ठेवा. जुन्या कॅटमधले कुठलेही चार पत्ते घ्या, पाठीवर पेन्सिलने १ ते ४ आकडे घाला. १ सगळ्यात वर, ४ सगळ्यात खाली. गड्डी उजव्या हातात धरायची, उजव्या लांब कडेच्या मधोमध, अंगठा वर आणि पहिली दोन बोटं खाली. डावा तळहात वर करून तयार.

पहिला ठोका: डाव्या अंगठ्याने वरचा पत्ता, म्हणजे १, ओढून डाव्या हातात घ्या. यात काही चोरी नाही.

दुसरा ठोका: सगळी लबाडी इथेच. हात पुन्हा जवळ येताना उजवा अंगठा वरचे दोन पत्ते, २ आणि ३, एकत्रच डावीकडे ढकलतो, दीड-दोन सेंटिमीटर. त्याच क्षणी डाव्या हातातला १ हा उजव्या हातात उरलेल्या ४ च्या खाली सरकतो आणि उजवी बोटं त्याला तिथे धरून ठेवतात. हात लांब होतात तेव्हा डावा हात २ आणि ३ ची जोडी एकच पत्ता असल्यासारखी घेऊन गेलेला असतो. बघणाऱ्याला दिसतं ते इतकंच की डाव्या हातात एक होता, त्यावर दुसरा आला.

तिसऱ्या ठोक्याला ४ ओढा, चौथ्याला १. संपलं.

बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून गेले १, २, ४, १. तिसरा पत्ता दिसलाच नाही. आता गड्डी उघडून वरून आकडे वाचा: १, ४, २, ३ असा क्रम आला पाहिजे. आला नाही तर कुठेतरी चुकलंय. आरशापेक्षा ही परीक्षा खरी, कारण आरशात आपल्याला आपलं सगळं छानच वाटतं.

आता गुलामांकडे या. सुरुवातीची मांडणी वरून खाली: लाल पालथा, लाल पालथा, बंड्या उताणा, लाल पालथा. म्हणजे बंड्या तिसरा आणि आधीपासूनच जागा. मोजलंत की चार लाल पाठी दिसतात आणि बंड्या आपोआप तळाशी जातो. तिथे तो उताणाच आहे, त्यामुळे घंटा वाजवून गड्डी पसरली की तीन लाल पाठी आणि खाली त्याचं तोंड. त्याची निळी पाठ तुमच्या बोटांकडे, खाली. मग आई मोठ्याला पलीकडे पाठवते तेव्हा तुम्ही काय करता? सगळ्यात वरचा पत्ता उचलून सगळ्यात खाली घालता, सगळ्यांच्या देखत. बंड्या पुन्हा तिसरा! गोष्टीत तो दोन भावांच्या मधे आला आणि गड्डीत तो जागेवर आला. बंड्याला हातही लावावा लागत नाही, म्हणून निळी पाठ उघडी पडायचा धोकाही नाही. पूर्वी मी बंड्यालाच उचलून मधे खुपसत असे, आणि दर वेळी पोटात गोळा यायचा. "मोठ्याला पलीकडे पाठव" ही सुधारणा माझ्या बायकोची. तिला पत्त्यांतलं काही कळत नाही, पोरं झोपवण्यातलं कळतं.

पांढऱ्या किनारीचं कारण आता लक्षात आलं असेल. दोन पत्ते एक म्हणून घेताना ते केसभर पुढेमागे होतातच. खालचा पत्ता उताणा असल्यामुळे त्याचीही कड पांढरीच दिसते, आणि पांढऱ्यावर पांढरं कोणाच्या डोळ्यात येत नाही. कडेपर्यंत नक्षी असलेल्या लाल पत्त्याखालून उताण्याची पांढरी रेघ डोकावली तर ती आंधळ्यालाही दिसेल.

नवशिक्याचे हात हमखास अडकतात ते दुसऱ्या ठोक्याला. बाकीचे तीन ठोके सरसर, आणि दुसऱ्याला गाडी घाटात आल्यासारखी. यावर इलाज एकच आहे. आधी चार पत्ते खरोखर मोजा, काही न लपवता, शंभरदा. तुमचे हात सहज मोजताना किती जवळ येतात, किती लांब जातात, अंगठा कुठे असतो, ते बघा. मग खोटी मोजणी त्या खऱ्या मोजणीसारखी करायची. पुष्कळ जण उलटं करतात: खोटी मोजणी सफाईदार होते, पण तशी विचित्र मोजणी कोणी माणूस आयुष्यात कधी करत नाही. रोज पंधरा मिनिटं दिलीत तर दोन-तीन आठवड्यांत हात बसतो. डावखुरे असाल तर सगळं आरशातल्यासारखं उलटं करा, काही बिघडत नाही.

तोंडाने "एक, दोन, तीन, चार" म्हणू नका. आकडे ऐकले की माणूस मोजायला लागतो, आणि मोजणारा माणूस बोटांकडे बघतो. "झोपला" म्हटलं की तो पोरांचा विचार करतो. चारही "झोपला" एकाच लयीत, अंगाई म्हणावी तसे हळू. दुसऱ्या "झोपला"ला तुमची नजर पत्त्यांवर नको. ती समोरच्या आजीबाईंवर ठेवा, ओठावर बोट ठेवल्यासारखा चेहरा करून. त्या मान डोलावतातच. अशा दुपारी त्यांनी स्वतः काढलेल्या असतात.

हा प्रयोग मी नवशिक्याला मुद्दाम सुचवतो त्याचं कारण वेगळं आहे. मोजताना जोडी सुटली आणि बंड्याचं तोंड दिसलं, तर दुसऱ्या कुठल्याही प्रयोगात तुमचा कारभार आटोपला. इथे म्हणायचं, "बघा! उठला!" गोष्टच अशी आहे की तुमची चूक बंड्याच्या नावावर जमा होते. सुरुवातीच्या काळात मला जे मोठे हशे मिळाले, त्यांतले दोन-तीन असल्या चुकांचेच होते.

निळी पाठ दिसली तर मात्र प्रकरण वेगळं. एका सोसायटीच्या गणपतीत मी उभा राहून प्रयोग करत होतो, पुढे सतरंजीवर पोरं बसलेली. दुसऱ्यांदा पत्ते पसरले आणि एक सहा-सात वर्षांची मुलगी ओरडली, "काका, खाली निळा आहे!" तिला खालून सगळं दिसत होतं, चूक माझीच. मी क्षणभर थांबलो आणि म्हटलं, "हळू बोल, त्याच्या आईला कळेल." मग तिथल्या तिथे दार वाजवलं, काकूंना आणलं, बंड्याला पालथा केला. शेवट एक फेरी आधी आला, इतकंच. लोकांना वाटलं ती मुलगी माझीच पढवलेली. पण त्यानंतर मी नियम केला: पोरं खाली बसली असतील तर मीही मांडी घालून खालीच बसतो, पत्ते मांडीच्या जरा वर, पुढची कड किंचित झुकलेली. सगळ्यांना वरूनच दिसतं. उभं राहायचंच असेल तर पुढची रांग खुर्च्यांवर हवी.

वीस-पंचवीस माणसांपुढे हे चालेल का? चालेल, पण अर्धवर्तुळात जवळ बसवलीत तर. पत्ता ६३ बाय ८८ मिलिमीटरचा असतो. पाचव्या रांगेतल्याला गुलाम आणि राजा सारखेच. पुण्याच्या जादूगार रघुवीरांनी गाजवलेली रंगमंचावरची जादू मनात धरून दिवाणखान्यातली तंत्रं बघू नका, आणि उलटही करू नका. माणसं पन्नासच्या वर गेली तर टॉमी टकर या जादूगारांचा सहा पत्त्यांचा प्रयोग बघा: सहा पत्ते मोजायचे, तीन टाकून द्यायचे, हातात पुन्हा सहा, पुन्हा तीन टाकायचे, पुन्हा सहा. टाकलेले पत्ते जमिनीवर साचत जातात, ते लांबूनही दिसतं. त्यातलं हसू तुमच्या वाढत्या गोंधळातून येतं. काही जण तो नोटांनी करतात, आणि आपल्याकडे नोटांचा जास्त रंगतो, कारण पैसे टाकून देणारा माणूस बघूनच लोक सावरून बसतात. त्याची तयारी जास्त आहे, म्हणून तुम्हाला आत्ता सांगत नाही.

ऑनलाइन मिळणारी तयार पाकिटं घेऊ का, असंही तुमच्या मनात असेल. घ्या, शिकायला चांगली असतात. पण त्यांच्यासोबत आलेली गोष्ट मराठीत उतरवून म्हणू नका. कलर माँटी नावाचा एक झकास प्रयोग आहे, रस्त्यावरच्या तीन पत्त्यांच्या जुगारावर बेतलेला. त्याच्या शेवटच्या पत्त्यावर "तुम्ही मला १४ डॉलर देणं लागता" अशा अर्थाचं छापलेलं असतं. तिकडे त्यावर हशा पिकतो. मी तो डॉलरचे रुपये करून एका मुंजीत केला होता. लोकांनी शांतपणे टाळ्या वाजवल्या आणि पंगतीकडे गेले. पत्ते तेच ठेवा, गोष्ट आपल्या घरातली आणा.

बंड्याची गोष्टही तुमच्या घराप्रमाणे बदला. वसतिगृहातली चार मुलं आणि रेक्टर, रेल्वेच्या डब्यात झोपलेले चौघे आणि टीसी, शेवटी निळ्या पाठीवाला दुसऱ्याच डब्यातला निघतो. काहीही चालतं. फक्त एक करू नका: "सगळे जागे आणि एक झोपलेला" असं उलटं. पत्ते उताणे ठेवून ही मोजणी केलीत तर पहिला गुलाम दोनदा दिसेल आणि लक्ष असलेला कोणीही पकडेल. पाठी सगळ्या सारख्या असतात म्हणून ही चोरी पचते. आणि बंड्याला जमलेल्यांपैकी कोणाचं नाव देऊ नका. जावयाचं तर मुळीच नको. शेवटी तो "आपला नव्हेच" असं निघतं, हे विसरू नका.

पत्ते बाहेर काढायची जागाही ठरवून ठेवा. माझी चौकडी बँकेच्या पासबुकाच्या जुन्या प्लॅस्टिक कव्हरमध्ये असते, मांडणी लावलेली, सदऱ्याच्या खिशात. काढताना "हे साधे पत्ते आहेत बरं का" म्हणायचं नाही. कोणी शंका घेतलेलीच नसते, ती तुम्ही पेरता. थेट "दुपारचे दोन वाजलेत" म्हणून सुरू करा. निळी पाठ दाखवल्यावर चारही पत्ते समोरच्याच्या हातात द्या. तीन लाल, एक निळा, लपवलेलं काही नाही. लोक ते उलटेपालटे करतात, प्रकाशात धरतात, वास घेणाराही एक भेटलाय मला. घेऊ द्या. तेवढ्यात कोणीतरी "पुन्हा दाखवा" म्हणेलच. तेव्हा पत्ते गोळा करा, कव्हरमध्ये घाला आणि सांगा, बंड्याला त्याची आई घेऊन गेली.